न संपणारा घास

मनुष्य जे जे काही तोंडात घालून चावतो, त्या सर्वाला निसर्गाने एक शेवट नेमून दिलेला आहे. भाकरीचा तुकडा असो, उसाचे कांडे असो किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ असो, दातांखाली आलेला पदार्थ लाळेत भिजतो, मऊ होतो, आणि तो गिळला गेला किंवा चोथा होऊन बाहेर टाकला गेला, की जबड्याला आपोआप रजा मिळते. या नियमाला ठळक अपवाद असा जो पदार्थ आधुनिक व्यापाराने घरोघर पोहोचविला तो म्हणजे च्युइंग गम. तो चावावयाचा असतो, गिळावयाचा नसतो. त्याची गोडी थोड्याच मिनिटांत उतरते, परंतु तासाभरानंतरही त्याचा गोळा तोंडात तसाच शिल्लक असतो. आणि म्हणून चर्वण केव्हा थांबवावे याचा फैसला तो पदार्थ करीत नाही, चावणाऱ्यालाच करावा लागतो. जबड्याच्या सांध्याच्या आरोग्याशी गमचा जो काही संबंध आहे, तो बहुतांशी या एकाच गोष्टीतून उत्पन्न झालेला आहे. गमने जबडा बिघडतो अशी धास्ती घेणारे आणि त्याने जबडा बळकट होतो अशी जाहिरात करणारे, असे दोन्ही पक्ष नेमकी हीच मुदतीची बाब नजरेआड करतात.

हा सांधा कोठे आहे हे जाणून घेण्यास शारीरशास्त्राचा ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. दोन्ही तर्जन्या कानांच्या छिद्रांपुढे अलगद टेकवून तोंड सावकाश उघडले आणि मिटले, तर बोटांखाली एक लहानशी गाठ पुढे सरकून पुन्हा मागे जात असल्याचे स्पष्ट जाणवते. ही गाठ म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक होय. कवटीच्या बाजूस जी शंखास्थी असते तिच्या तळाशी, कर्णनलिकेला अगदी लागून, एक खोबण आहे. तिच्यात हे टोक बसते, आणि दोहोंच्या दरम्यान एक तंतुमय चकती असते, जी मध्यभागी पातळ आणि कडांशी जाड असते. चकतीच्या मध्यभागात रक्तवाहिन्या नाहीत आणि संवेदनातंतूही नाहीत. परंतु तिच्या पाठीमागे जी मृदू ऊती आहे ती मात्र दोहोंनी समृद्ध आहे, आणि चकती जागची हलून हाडाचे टोक त्या ऊतीवर टेकू लागले की कानापुढे कळ उठते. कान इतका जवळ आणि संवेदना वाहून नेणारे तंतू इतके शेजारचे, की सांध्याची तक्रार पुष्कळदा कानाची तक्रार म्हणून मांडली जाते आणि रुग्ण प्रथम कानाच्या वैद्याकडे जातो.

गुडघा, खांदा इत्यादी बहुतेक मोठ्या सांध्यांत हाडांच्या टोकांवर गुळगुळीत काचाभ कूर्चा असते. येथे मात्र तिच्या जागी तंतुमय कूर्चेचे अस्तर आहे, आणि ते घर्षण सोसण्यास व झीज काही अंशी भरून काढण्यास अधिक समर्थ मानले जाते. या सांध्याची हालचालही त्याच्या रचनेइतकीच विलक्षण आहे. तो दाराच्या बिजागरीप्रमाणे नुसता फिरून थांबत नाही. तोंड उघडू लागले की पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर अंतर हाडाचे टोक बहुतांशी जागच्या जागी फिरते, आणि त्यानंतर ते चकतीसह खोबणीतून बाहेर, पुढे आणि किंचित खाली घसरत जाते. या दुहेरी गतीमुळेच प्रौढ मनुष्याचे तोंड चाळीस ते पन्नास मिलिमीटरपर्यंत उघडू शकते. शिवाय खालचा जबडा हे एकच अखंड हाड असल्यामुळे त्याचे उजवे आणि डावे सांधे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. एकाला जे करावे लागते त्यात दुसऱ्याला भाग घ्यावाच लागतो, आणि एक आखडला तर जबडा उघडताना त्या बाजूला वाकडा जातो.

या यंत्राला चालविणारे स्नायू चार जोड्यांचे आहेत. गालाच्या मागील भागात, दात आवळताच फुगून हाताला लागतो तो मॅसेटर. कानशिलावर पंख्याच्या आकारात पसरलेला टेम्पोरॅलिस. आणि जबड्याच्या आतील बाजूस असलेला मध्य टेरिगॉइड, हे तिघे जबडा मिटवितात. चौथा, म्हणजे पार्श्व टेरिगॉइड, हाडाच्या टोकाला पुढे खेचतो. मिटविणाऱ्या स्नायूंचे सामर्थ्य असे आहे की सशक्त प्रौढ मनुष्य सर्व बळ एकवटून दाढा आवळतो तेव्हा त्यांवर पन्नास ते सत्तर किलोग्रॅम भाराइतका जोर पडू शकतो. नित्याच्या चावण्यात यातला लहानसाच अंश खर्च होतो. पण जबडा ही एक तरफ असून सांधा हा तिचा टेकू असल्यामुळे स्नायूंच्या प्रत्येक आकुंचनाचा काही भार सांध्यावर पडल्यावाचून राहत नाही. येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. घास उजव्या दाढांखाली असतो तेव्हा अधिक भार उजव्या सांध्यावर पडत नाही, तो डाव्यावर पडतो. म्हणूनच एका बाजूचा सांधा दुखणारा मनुष्य पुष्कळदा, स्वतःला न कळत, त्याच बाजूने चावू लागतो. जो मनुष्य वर्षानुवर्षे एकाच बाजूला गम धरून चघळतो, तो एका बाजूच्या स्नायूंना शिणवितो आणि भार मात्र दुसऱ्या बाजूच्या सांध्यावर टाकतो.

एवढे वाचून चर्वण ही क्रियाच सांध्याला अपायकारक आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. कूर्चेला आणि चकतीच्या मध्यभागाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्यांचे पोषण सांध्यातील स्निग्ध द्रवातून होते, आणि तो द्रव सर्वत्र खेळता राहण्यास हालचाल आवश्यक असते. अपघातानंतर ज्यांचा जबडा काही आठवडे तारांनी बांधून ठेवावा लागतो त्यांचा सांधा आणि स्नायू आखडतात, आणि पुढे व्यायामाने तो हळूहळू मोकळा करावा लागतो. सांध्याला काम हवे असते. त्या कामाला खंड हवा असतो, इतकेच.

काहीतरी चघळत राहण्याची मनुष्याची हौस मात्र अर्वाचीन नाही. डेन्मार्कमधील लोलांड बेटावर सिल्थोल्म येथे भूर्जवृक्षाच्या सालीपासून काढलेल्या राळेचा एक चघळलेला तुकडा सापडला. तो सुमारे ५७०० वर्षांपूर्वीचा असून, त्यात टिकून राहिलेल्या द्रव्यावरून तो चघळणाऱ्या स्त्रीचा संपूर्ण जनुकसंच शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. ग्रीसच्या खिऑस बेटावरील झाडांचा डिंक आपल्याकडे युनानी औषधांच्या पेठेत रुमी मस्तकी या नावाने परिचित आहे, आणि तोही प्राचीन काळापासून चघळला जात आला आहे. परंतु आजच्या गमचा मूळपुरुष मध्य अमेरिकेचा. तेथील माया आणि अ‍ॅझ्टेक लोक ज्या झाडाचा घट्ट झालेला चीक चघळीत, ते झाड म्हणजे आपला चिकू. डहाणू-घोलवडच्या बागांत फळासाठी वाढविला जाणारा वृक्ष आणि युकातानच्या अरण्यात चिकासाठी खाचे पाडला जाणारा वृक्ष, हे एकाच जातीचे आहेत. कच्चा चिकू तोडताना देठातून जो पांढरा चीक बोटांना चिकटतो, त्याच चिकावर अमेरिकेतील एका मोठ्या उद्योगाची उभारणी झाली.

ती उभारणी काहीशी अपघातानेच झाली. मेक्सिकोचे पदच्युत सेनानी सांता आना यांच्या सूचनेवरून न्यूयॉर्कचे टॉमस अ‍ॅडम्स यांनी या चिकापासून रबराला पर्याय मिळतो का हे पाहण्यासाठी बरीच खटपट केली. ती निष्फळ ठरल्यावर १८७०च्या सुमारास त्यांनी तोच माल चघळण्यासाठी विकावयास काढला. त्याच सुमारास, १८६९ साली, अमेरिकेत च्युइंग गमचा एकाधिकार-दाखला ज्यांनी मिळविला ते विल्यम सेम्पल हे ओहायो प्रांतातील दंतवैद्य होते, आणि गमने दात घासले जावेत व जबड्याला व्यायाम घडावा असा त्यांचा हेतू होता. पुढे शिकागोचे विल्यम रिग्ली यांनी बेकिंग पावडरबरोबर भेट म्हणून दिलेला गमच अधिक लोकप्रिय झाल्याचे पाहून तोच मुख्य व्यापार केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात त्याचा समावेश झाला, आणि युद्धोत्तर काळात झाडाच्या चिकाची जागा बव्हंशी कृत्रिम बहुलकांनी घेतली. आजचा गम म्हणजे न विरघळणारा, लवचिक असा कृत्रिम आधार, आणि त्यात मिसळलेली गोडी व सुवास. न विरघळणे हाच त्याचा धर्म असल्यामुळे त्याला शेवट नाही.

दातांच्या बाजूने पाहिले तर या पदार्थाची शिफारस करण्यासारखे पुष्कळ आहे. चावण्याने लाळ अनेक पटींनी वाढते. ती लाळ जेवणानंतर तोंडात तयार होणारी आम्लता शमविते, अन्नकण धुऊन नेते आणि दातांच्या बाह्य आवरणाला खनिजे परत मिळवून देते. गम साखरेविना असेल तर हा लाभ निर्वेध मिळतो. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७०च्या दशकात झायलिटॉल या गोड द्रव्यावर जे प्रयोग झाले त्यांनी या मताला शास्त्रीय पाठबळ दिले, आणि २००७ साली अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने काही साखरविरहित गमांना आपली मान्यतेची मोहोरही दिली. मात्र त्या संघटनेने लोकांना सांगितलेली मुदत ध्यानात घ्यावयास हवी. ती जेवणानंतर वीस मिनिटे इतकीच आहे. लाळेचा जोर पहिल्या काही मिनिटांतच सर्वांत अधिक असतो आणि स्वाद ओसरला की तोही ओसरत जातो. म्हणजे दातांचा लाभ जेथे आटोपतो, तेथून पुढचे सर्व चर्वण सांध्याच्या आणि स्नायूंच्या खात्यावर केवळ खर्च म्हणून पडते.

या खर्चाचा हिशेब मांडणे अवघड नाही. सामान्यतः मनुष्य मिनिटाला साठ-सत्तर वेळा जबडा हलवितो. त्या मानाने एक तास गम चघळला की सुमारे चार हजार आवर्तने होतात. जेवणातही आवर्तने होतात, परंतु तेथे प्रत्येक घास मऊ होत जातो, दर घासामागे गिळण्याची विश्रांती असते, आणि दोन घासांमध्ये बोलणे, पाणी पिणे, वाढून घेणे या निमित्ताने स्नायूंना उसंत मिळते. गमच्या बाबतीत ही उसंत नाही. दीर्घकाळ आकुंचन पावणाऱ्या स्नायूत थकवा साचतो, तो ताठरतो, दाबल्यास दुखतो, आणि त्याची वेदना स्वतःच्या जागी न राहता कानशिलात, कपाळात, दाढांत किंवा कानात उमटते. निरोगी माणसांना बराच वेळ गम चावावयास लावून जे प्रयोग झाले आहेत त्यांत असा थकवा आणि सौम्य वेदना उत्पन्न झाल्याचे दिसून आले. परंतु विश्रांती मिळताच त्या बव्हंशी ओसरल्या, हेही त्याच प्रयोगांनी दाखविले. ज्यांच्या स्नायूंत किंवा सांध्यात आधीपासूनच दुखणे आहे त्यांचा अनुभव निराळा असतो. त्यांची वेदना थोड्या चावण्यानेही वाढते आणि रेंगाळते. गम निरोगी सांध्याला सहसा बिघडवीत नाही, पण बिघडलेल्या सांध्याला बरे होऊ देत नाही, असे या सर्वाचे तात्पर्य काढता येईल.

मुलांच्या बाबतीत एक निरीक्षण विशेष उद्बोधक आहे. इस्रायलमधील बालमज्जाविकारतज्ज्ञ नाथन वाटेम्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते एकोणीस वर्षे वयाच्या अशा तीस रुग्णांकडे लक्ष दिले, जे रोज गम चघळीत आणि ज्यांना दीर्घकाळ डोकेदुखी होती. महिनाभर गम पूर्णतः बंद केल्यावर त्यांपैकी सव्वीस जणांना लक्षणीय आराम पडला, आणि त्यांतही एकोणीस जणांची डोकेदुखी समूळ गेली. पुढे वीस जणांनी पुन्हा गम सुरू केला तेव्हा सर्वांची डोकेदुखी परतली. ही संख्या लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि सर्वच डोकेदुख्यांचे मूळ जबड्यात असते असा अर्थ यातून निघत नाही. तरीपण डोकेदुखीची तक्रार करणारे मूल दिवसभर काय चघळत असते, एवढी विचारपूस करण्यास पैसाही पडत नाही आणि धोकाही नाही.

सांध्याच्या विकारांचे खापर एखाद्याच कारणावर फोडण्याचा मोह वैद्यकाला पूर्वीही झाला आहे. अमेरिकेतील सेंट लुइसचे कर्णतज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली असे प्रतिपादन केले की मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा मागे सरकतो, हाडाचे टोक कानाजवळील तंतूंवर दाब आणते आणि त्यामुळे कान व डोके दुखते. या कल्पनेचा अंमल कित्येक वर्षे चालला. परंतु शारीरशास्त्रज्ञांनी तपशील तपासला तेव्हा ती रचनेशी जुळेना. पुढे न्यूयॉर्कचे लास्झलो श्वार्ट्झ यांनी स्नायूंकडे, आणि १९६९ साली डॅनिएल लास्किन यांनी मानसिक ताण व त्यातून जडणाऱ्या दात आवळण्याच्या सवयीकडे लक्ष वेधले. आजचे मत असे की या विकाराची कारणे अनेक आहेत: जबड्यावरील आघात, दात आवळणे किंवा खाणे, निद्रेचा बिघाड, चिंता, शरीरातील इतर दीर्घकालीन वेदना आणि अनुवंश. तो तरुण व मध्यम वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, अधिक आढळतो. या यादीत गमचे स्थान मुख्य आरोपीचे नसून साथीदाराचे आहे. आणि साथीदार असल्यामुळेच त्याला बाजूला काढणे हा उपचारातील सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा भाग ठरतो.

तोंड उघडताना कानापाशी होणाऱ्या टकटक आवाजाविषयीही लोकांत विनाकारण भीती आहे. चकती जागेवरून किंचित पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाडाचे टोक तिच्यावर परत चढते आणि आवाज होतो. असा आवाज पुष्कळ निरोगी माणसांत आढळतो, आणि वेदना नसेल व तोंड पुरेसे उघडत असेल तर त्यासाठी कोणताच उपचार लागत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जाऊ शकली तर उघडणे सामान्यतः ठीक समजावे. मात्र आवाज एकाएकी बंद होऊन तोंडही उघडेनासे झाले, तर चकती अडकल्याची शक्यता असते, आणि दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

अलीकडे समाजमाध्यमांतून एक निराळेच वेड पसरलेले दिसते. जबड्याची रेषा कोरीव दिसावी म्हणून तरुण मुले मुद्दाम अत्यंत कठीण केलेले गम किंवा रबराचे गोळे तासन्‌तास चावीत बसतात. यातून मॅसेटर स्नायू काहीसा फुगतो हे खरे. पण हाडाची ठेवण प्रौढ वयात अशा चावण्याने बदलत नाही, आणि फुगलेला स्नायू चेहऱ्याला कोरीव न करता चौकोनी करतो. चर्वणाचा काळ आणि पदार्थाचा कठीणपणा हे दोन्ही एकाच वेळी वाढविणे म्हणजे सांध्यावर दुहेरी कर बसविणे होय.

गमचा एक प्रकार मात्र असा आहे की त्याचा विचार सहानुभूतीने करावयास हवा. स्वीडनमध्ये १९६७ साली, पाणबुडीत धूम्रपानाची मुभा नसल्यामुळे तोंडात धरावयाच्या तंबाखूकडे वळलेल्या खलाशांची हकिगत ओवे फेर्नो यांच्या कानी आली, आणि तिच्यातून निकोटिनयुक्त गमची कल्पना पुढे आली. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना तो आज आपल्याकडेही औषधाच्या दुकानात मिळतो. परंतु तो साध्या गमप्रमाणे सतत चघळावयाचा नसतो, ही गोष्ट पुष्कळांना कोणी सांगितलेलीच नसते. तो काही वेळा सावकाश चावून, तोंडात झिणझिण जाणवू लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावयाचा, आणि झिणझिण ओसरल्यावर पुन्हा थोडा चावावयाचा, असा त्याचा विधी आहे. तो पाळला तर औषधही नीट मिळते आणि जबडाही शिणत नाही. ज्यांच्या सांध्याला आधीच व्याधी आहे त्यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्याने गमऐवजी त्वचेवर चिकटविण्याची पट्टी घ्यावी, हे उचित.

महाराष्ट्रात, गोव्यात आणि कोकणपट्टीत चघळण्याची गोष्ट निघाली की सुपारीचा उल्लेख टाळता येत नाही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा लौकिक मोठा आहे, आणि जेवणानंतरचे खांड तोंडात धरणे हा कित्येक घरांचा शिरस्ता आहे. पण येथे प्रश्न सांध्यापुरता राहत नाही. १९५२ साली श्वार्ट्झ या दुसऱ्याच संशोधकाने केनियातील पाच भारतीय स्त्रियांत, आणि १९५३ साली मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या रुग्णांत, तोंडाच्या आतील अस्तराखाली तंतू साचून ते आवळत जाण्याचा जो विकार वर्णिला, त्याचे मुख्य कारण सुपारी असल्याचे पुढे निश्चित झाले. या विकारातही तोंड उघडत नाही आणि रुग्णाला वाटते की सांधा धरला. परंतु येथे तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते, गालाच्या आत पांढुरके पट्टे हाताला लागतात. सांध्यात दोष नसतो, अस्तरच आखडलेले असते, आणि त्यातून कर्करोग उद्भवण्याचे भय असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही २००४ साली कर्करोगकारक ठरविले. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण साधी सुपारी त्या बंदीबाहेर आहे. गमचे आणि सुपारीचे अपराध सारख्याच मापाने मोजणे म्हणून अन्यायाचे होईल: गमचा अतिरेक थांबविला की बहुधा सर्व पूर्ववत् होते, सुपारीने आखडलेले तोंड मात्र ती सोडल्यावरही पूर्ववत् होईलच असे नाही.

जबड्याच्या प्रत्येक वेदनेचे मूळ जबड्यात असतेच असेही नाही. श्रम करताना जबडा दुखू लागला, त्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असली, तर ती हृदयाची सूचना समजून तत्काळ इस्पितळ गाठावे. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याचा जबडा घास चावता चावता भरून येऊ लागला आणि थांबताच हलका झाला, शिवाय कानशिलाच्या शिरा दुखऱ्या झाल्या किंवा दृष्टी अंधुक झाली, तर तो रक्तवाहिन्यांचा असा दाह असू शकतो की ज्याने डोळा जाण्याची भीती असते. अशा वेळी गम सोडून वाट पाहणे हा उपचार नव्हे.

आपल्या प्राचीन वैद्यांनाही हा सांधा अपरिचित नव्हता. सुश्रुताने निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून, पट्ट्याने बांधण्याची रीत सांगितली आहे. वाग्भटाने हनुस्रंस या जबड्याच्या विकाराचे वर्णन करताना तोंड उघडे राहणे किंवा मिटून जाणे अशी दोन्ही लक्षणे दिली असून, कारणांत आघाताबरोबर कोरडे पदार्थ खाण्याचाही निर्देश केला आहे. वातप्रकोपाची त्यांची उपपत्ती आज कोणी मान्य करो अथवा न करो, आहाराचा आणि सांध्याचा संबंध त्यांनी हेरला होता हे कबूल करावे लागते.

आजच्या उपचारांची दिशा तर आश्चर्य वाटावे इतकी सौम्य आहे. दीर्घकाळ टिकलेल्या वेदनेसाठी २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांत जबड्याचे व मानेचे व्यायाम, हाताने केलेली हालचाल आणि मानसोपचाराच्या साह्याने सवयी व ताण यांवर काबू या उपायांना अग्रस्थान दिलेले आहे. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्या आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांच्या विरुद्ध मात्र स्पष्ट शब्दांत शिफारस केलेली आहे. बहुसंख्य रुग्णांना इतके दूरही जावे लागत नाही. काही आठवडे मऊ अन्न, गम आणि चिवट पदार्थ वर्ज्य, दिवसातून दोन-तीनदा उबदार शेक, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार, आणि ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांपासून सुटे ठेवण्याची सवय, एवढ्यानेच पुष्कळांना उतार पडतो. शेवटची सवय विशेष महत्त्वाची आहे. कारण विश्रांतीच्या स्थितीत वरचे आणि खालचे दात परस्परांना टेकलेले नसणे हीच जबड्याची स्वाभाविक अवस्था होय.

ज्याच्या जबड्याला काही तक्रार नाही त्याने जेवणानंतर साखरविरहित, मऊ गम वीस मिनिटे, दोन्ही बाजूंना आलटून पालटून चावण्यास काहीच हरकत नाही. त्यापुढे तो कागदात गुंडाळून टाकून द्यावा. ज्याचा सांधा दुखतो किंवा सकाळी आखडलेला असतो त्याने गम निदान महिनाभर पूर्णपणे तहकूब करून फरक पाहावा, आणि फरक न पडल्यास दंतवैद्याला दाखवावे.